प्रॉम्प्टरबाईंचं चुकीचं वाक्य

नाटकात सगळ्यात जास्त वाक्यं कुणाला पाठ असतात असं विचारलं, तर लोक हमखास नायकाचं नाव घेतात. नायकाला फक्त स्वतःची पाठ असतात, आणि तीही नशीब बरं असेल तर. सगळ्यांची सगळी वाक्यं येत असतात ती विंगेत स्टुलावर बसलेल्या प्रॉम्प्टरला. आमच्या बाईंनी ऐन उमेदीची वर्षं त्या स्टुलावर काढली.

खरं तर कंपनीत त्या आल्या होत्या नटी व्हायला. अंगात अभिनय होता, चेहरा बोलका होता, फक्त आवाजाचा पत्ता नव्हता. पहिल्याच तालमीत कंपनीचे मालक खालून ओरडले, "पोरी, ओठ हलताना दिसतायत, पण ऐकू काहीच येत नाही. तू बोलतेयस की चावतेयस?" सगळे खो खो हसले. बाईंना रडू कोसळणार, तेवढ्यात मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. रंगमंचावरच्या माणसाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही असा आवाज ते कधीचे शोधत होते. त्यांनी पोरीच्या हातात संहिता दिली, तिला विंगेत बसवलं आणि तिचं नाव ठेवलं 'कुजबूज'.

रडतच घरी आलेल्या बाईंना थोरली बहीण म्हणाली, "बरं झालं. चारचौघांसमोर तोंड रंगवून उभं राहायला नको." आई लवकर गेल्यामुळे या ताईनेच धाकटीला वाढवलं होतं. लोकांचे कपडे शिवून तिने घर चालवलं. नाटकाचं नाव काढलं की ती नाक मुरडायची, पण तालमीला निघालेल्या धाकटीच्या पिशवीत डबा ठेवायला मात्र कधी विसरली नाही. तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ अशी माणसं असतात, त्यातली ती. फक्त मऊपणा कुणाला दिसला की तिला राग यायचा.

आता प्रॉम्प्टरचं काम म्हणजे वाचून दाखवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या स्टुलावर बसून बघावं. नट बोलता बोलता थांबतो. का थांबला? एक तर तो वाक्य विसरलाय, नाहीतर त्याने मुद्दाम विराम घेतलाय. प्रेक्षकांना दोन्ही सारखंच दिसतं. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर नाटक पडतं. आणि विरामात वाक्य दिलं तर रंगत आलेला प्रवेश मातीत जातो, आणि पडदा पडल्यावर नट प्रॉम्प्टरला खाऊ की गिळू करतो. बाईंनी यावर स्वतःची युक्ती शोधली होती. त्या नटाच्या तोंडाकडे बघतच नसत, खांद्यांकडे बघत. विसरलेल्या माणसाचे खांदे वर चढतात, विराम घेणाऱ्याचे खाली येतात. इतक्या वर्षांत बाईंनी एकदाही विरामात वाक्य दिलं नाही. मोठमोठे नट म्हणायचे, कुजबूज विंगेत असली की आम्ही गप्प बसायलाही घाबरत नाही.

कंपनीतल्याच दिवेवाल्याशी त्यांचं लग्न झालं. दिवेवाला मितभाषी, शिडीवर चढला की तासन्‌तास खाली न येणारा. तो राहायचा खालच्या गल्लीत आणि बाईंचं माहेर वरच्या गल्लीत. तसं बघितलं तर ही एकच चढाची गल्ली, मध्ये एक जुनं लोखंडी गेट. ते कशासाठी होतं हे कुणालाच आठवत नव्हतं, कारण ते कधी लागलेलंच कुणी पाहिलं नव्हतं. माहेराहून सासरी यायला बाईंना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात चुलीवरचं पाणीही उकळत नाही. सकाळी ताईने शिव्या घालायच्या, दुपारी बाईंनी रुसायचं, संध्याकाळी दोघींनी एकत्र भाजी निवडायची. सुखाचे दिवस होते, पण सुखाचे दिवस चालू असताना ते सुखाचे आहेत असं कुणी सांगत नाही.

मग ती दंगल झाली. कारण विचाराल तर एका स्कूटरने एका हातगाडीला घासून तिच्यावरची फळं सांडली. एवढंच. पण वरच्या आणि खालच्या गल्लीत आधीपासून धुसफूस होतीच, तिला निमित्त मिळालं. दुपारपर्यंत दुकानं पेटली. त्या धांदलीत गेट कुणीतरी लावून टाकलं. वरच्या गल्लीतल्या घड्याळजींचं दुकान खाली होतं; ते घराकडे पळाले, तर गेट बंद. जमावाने त्यांना तिथेच गाठलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं ठेचली गेली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची बोटं गेली म्हणजे काय गेलं, ते वेगळं सांगायला नको. पोलिसांनी गेटला साखळी आणि कुलूप घातलं. पुढे पोलीस गेले, कुलूप राहिलं. दोन्ही गल्ल्यांनी मिळून मागितल्याशिवाय उघडणार नाही, असं ठरलं, आणि मिळून काही मागण्याची सवय तर केव्हाच मोडली होती.

नाटक कंपनीही त्याच वर्षी बंद पडली. आणि बाईंना बहिणीकडे जायला दोन बस बदलून, सगळ्या शहराला फेरी मारून जावं लागू लागलं. ताईच्या घराचं छप्पर बाईंच्या खिडकीतून दिसायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा डोळ्यांसमोर होता.

बाई शांततेच्या कामात पडल्या त्या कुणाचं भाषण ऐकून नाही. त्यांना बहिणीकडे जायचं होतं आणि मध्ये कुलूप होतं, म्हणून त्या चिडल्या होत्या. कंपनीतले रिकामे बसलेले चार नट त्यांनी गोळा केले आणि गल्लीतल्या भांडणांवरच छोटी नाटकं बसवली. पद्धत सरळ होती. वरच्या गल्लीचं गाऱ्हाणं खालच्या गल्लीतल्या माणसाने मांडायचं, खालच्याचं वरच्याने. आणि मांडताना चेष्टा करायची नाही. आपल्या आईचं गाऱ्हाणं मांडावं तसं मांडायचं. प्रयोग कधी गेटच्या या बाजूला व्हायचा, कधी वळसा घालून त्या बाजूला.

पहिल्या प्रयोगाला एका आजींनी उठून अफवा पसरवणाऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाच्या थोबाडीत दिली. नट गाल धरून विंगेत आला आणि म्हणाला, "बाई, शांततेचं काम आहे म्हणाला होतात." बाई म्हणाल्या, "अरे, तिचा विश्वास बसला म्हणून मारलं. कौतुक समज." नुसता गोंधळ घालायला आलेल्या एका माणसाला बाईंनी शत्रूचीच भूमिका दिली, तर तो असा रंगला की पडदा पाडला तरी खाली उतरेना. हळूहळू बोलावणी येऊ लागली. कुठे कारखान्यात मालक आणि कामगार, कुठे एका शाळेतले शिक्षक, कुठे दोन मोहल्ले. बाई पिशवी घेऊन निघायच्या, दिवेवाला दिवे घेऊन मागून. वर्तमानपत्रात फोटो आले. ताईने त्यातला एक कापून शिवणयंत्राच्या खणात ठेवला होता आणि तो कुणी बघितला तर "मापाचा कागद आहे" म्हणायची.

पण टोमणा मारायची संधी तिने सोडली नाही. "जगाची भांडणं मिटवून येतेस, आणि माझ्याकडे यायला तुला दोन बस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच ना गं?"

बाईंना हे लागायचं, कारण खरं होतं. बाकी कुठेही लोक निदान एका खोलीत यायला तयार व्हायचे. इथे घड्याळजी म्हणायचे, मला त्यांची तोंडं बघायची नाहीत, आणि खालचे म्हणायचे, आम्ही काय केलंय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. वर्षं गेली. बाईंचे केस पिकले, ताईचे गुडघे गेले.

आणि मग एके सकाळी ताई मोरीत पडली. फोन बाहेरच्या खोलीत. ती बराच वेळ तशीच गार फरशीवर पडून होती, शेजारणीने कण्हणं ऐकलं तेव्हा दार फोडून तिला उचललं. बाई दोन बस बदलून पोचल्या, तोवर ताई पलंगावर बसून दार फोडल्याबद्दल शेजारणीला रागवत होती. हाड मोडलं नव्हतं. पण चहाचा कप उचलायला तिने दोन्ही हात लावले, आणि ताईला एका हाताचं काम दोन हातांनी करताना बाईंनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडे चल," बाई म्हणाल्या.

"मी माझं घर सोडणार नाही."

"परत पडलीस तर?"

"तर पडेन. तू येशीलच की, संध्याकाळपर्यंत."

त्या दिवसापासून फोन वाजला की बाई हातातलं काम टाकून धावायच्या. इतकी वर्षं गेट उघडावं ही इच्छा होती. आता त्या इच्छेच्या जागी भीती आली होती. पुढच्या वेळी आपण वेळेवर पोचणार नाही, एवढंच त्यांच्या मनात घोळत राहायचं.

त्यांनी पुन्हा घड्याळजींचा उंबरा गाठला. घड्याळजी वरच्या गल्लीचा शब्द होते; ते हो म्हणाले तर सगळे हो म्हणणार. या वेळी त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. म्हातारपण त्यांनाही आलं होतं. म्हणाले, "येतो मी. त्यांच्यातल्या एकाने, कुणीही एकाने, माझ्यासमोर उभं राहून बोलावं. पण बाई, तुमचं नाटक नको. शिकवलेलं एक वाक्य जरी ऐकू आलं, तरी मी उठून जाईन. पुन्हा माझ्या दारात येऊ नका मग."

खालच्या गल्लीतून उभा राहिला गेटशेजारचा मेकॅनिक. सगळ्यांना नवल वाटलं, कारण हा माणूस गाडीशी जेवढं बोलायचा तेवढंही माणसांशी बोलत नसे. बाईंनी विचारलं, काय बोलणार आहेस? तो हात पुसत म्हणाला, "बघू तेव्हा." बाईंनी जीभ चावली आणि एक शब्दही सुचवला नाही. कानाला खडाच लावला होता त्यांनी.

बैठक ठरली एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, दोन्ही गल्ल्यांपासून लांब. बाकं पोरांच्या मापाची. मोठी मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती, आणि रागाने बघायचं तरी त्या अवस्थेत कुणालाच नीट जमत नव्हतं. बाईंना ठरल्याप्रमाणे कपाटाशेजारी, मेकॅनिकच्या थोडं मागे बसवलं. स्टूलच मिळालं, दुर्दैवाने.

मेकॅनिक उभा राहिला. घड्याळजी समोर, ठेचलेला हात मांडीवर. मेकॅनिक म्हणाला, "काका, त्या दिवसाबद्दल मला तुम्हाला..." आणि थांबला.

कुणीतरी बाक करकरवलं. बाई बघत होत्या. रोजच्यासारख्या त्या खांद्यांकडे बघत असत्या, तर त्यांना दिसलं असतं की मेकॅनिकचे खांदे खाली आलेत. पण त्या दिवशी त्या घड्याळजींच्या तोंडाकडे बघत होत्या. घड्याळजींनी बाकाच्या कडेला हात टेकवला, जणू उठणार. बाईंच्या डोळ्यांसमोर ती मोरीतली गार फरशी आली. आणि तोंडातून निघून गेलं, त्याच जुन्या, अचूक, विंगेतल्या आवाजात:

"आम्हाला माफ करा."

रंगमंच असता तर पहिल्या रांगेला ऐकू गेलं नसतं. पण तो वर्ग होता, आणि श्वास घेतल्याचाही आवाज येत होता. सगळ्यांनी ऐकलं.

वरच्या गल्लीतला बेकरीवाला ताडकन उठला, गुडघा बाकाला आपटला, तरी ओरडला, "शिकवलेलं आहे! बघा, शिकवलेलं आहे! आता वाक्यंसुद्धा मागून पुरवतायत!" एकच गलका झाला. खालचे म्हणाले, आम्हाला काय माहीत? घड्याळजी उभे राहिले. बाईंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. सगळ्या आयुष्यात एकही चूक केली नाही, आणि केली ती कुठे? सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही. घड्याळजी दाराकडे वळले.

"अहो बाई, गप्प बसा हो जरा!" मेकॅनिक इतक्या जोरात ओरडला की गलकाच थांबला. तो मागे वळून बाईंवर डोळे वटारून बघत होता, मनापासून चिडलेला. "मला ते म्हणायचंच नाहीये! माफी काय माफी! माफी कशाची, ते इथे माहितीये का कुणाला? आधी ते तर सांगू द्या मला!"

घड्याळजी दारातच थांबले.

"काका, ते गेट मी लावलं होतं," मेकॅनिक म्हणाला. "पोलिसांनी नाही. मी. वरून लोक येतायत असं कुणीतरी ओरडलं, मी घाबरलो, कडी घातली आणि गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत बसलो. मग तुम्ही पळत आलात. मला हाक मारलीत. माझं नाव घेऊन."

"तुला ऐकू आली?"

"आली."

"दोन्ही हाका?"

"तीन मारल्यात, काका."

घड्याळजींनी मान खाली घातली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तीनच. मी सगळ्यांना दोन सांगतो. तीनच होत्या. हे कुणी शिकवलेलं नाही."

"मी उठलो नाही," मेकॅनिक म्हणाला, आणि त्याचं बोलणं संपलं.

आता घड्याळजी गप्प होते. बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. पण या वेळी त्यांनी खांदे बघितले. म्हाताऱ्याचे खांदे सावकाश खाली येत होते. हा विराम होता. बाई रडत होत्या, पण आवाज न करता रडण्याचा सराव त्यांना होता.

"लावलंस तू," घड्याळजी शेवटी म्हणाले. "तर उघडशीलही तूच."

बाहेर पडताना बेकरीवाला गुडघा चोळत बाईंजवळ आला. "माफ करा हो बाई, मी उगाच ओरडलो. प्रॉम्प्टर एवढी चुकली, म्हणजे नाटक नसणारच." बाईंना हसावं की त्याला धपाटा घालावा कळेना. दिवेवाला मागून येत होता. तो सहसा बोलत नाही, त्या दिवशी मात्र म्हणाला, "मीही घाबरलो होतो गं." आणि त्याने त्यांची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

गेट उघडणं मात्र तेवढं सोपं निघालं नाही. दोन्ही गल्ल्यांनी मिळून मागितल्यावर पोलिसांकडून किल्ली मिळाली, पण कुलूप गंजून एकजीव झालं होतं. मेकॅनिकने तेल घातलं, ठोकलं, शेवटी करवत काढली. तोवर दोन्ही बाजूंना गर्दी जमून सल्ले देऊ लागली होती. असं धर, तसं काप, पाना लाव, अरे पाना कशाला लावतोस! इतक्या वर्षांत दोन्ही गल्ल्यांचं पहिलं एकमत झालं, ते मेकॅनिकला त्याचं काम येत नाही यावर. साखळी खाली पडली तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी चार शब्द बोला म्हणत होतं. बाई थांबल्याच नाहीत. गेट ढकलून चढ चढत सरळ वर गेल्या.

ताई शिवणयंत्रावर बसली होती. दारात बहिणीला बघून म्हणाली, "आज कशी? आज तर तुझा दिवस नाही."

"गेट उघडलं, ताई."

"हो का," ताई म्हणाली आणि पुन्हा यंत्र फिरवू लागली. बाईंना भयंकर राग आला. एवढं रामायण घडलं आणि हिचं फक्त 'हो का'! मग त्यांचं लक्ष गेलं. यंत्र फिरत होतं, सुई वरखाली होत होती, पण तिच्याखाली कापड नव्हतं. बाई शेजारी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या घरी फोन वाजला. बाई नेहमीसारख्या हातातलं टाकून धावल्या. पलीकडून ताई म्हणाली, "मीठ संपलंय. घेऊन ये."

कुलूप होतं तोवर ताईने कधी काहीच मागितलं नव्हतं. दोन बसच्या पल्याडून कुणी मीठ मागवत नाही. बाईंनी घरातलीच पुडी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि निघाल्या. गेटमधून जाताना मेकॅनिकने गाडीखालून हात वर केला. चहा गाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्या ताईच्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

पुडी ओतायला म्हणून त्यांनी मिठाचा डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला होता. बाई हातात पुडी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग आनंदाने त्यांना हसूच फुटलं. ताई दारात भिंतीला धरून उभी होती, तोंडावर तीच जुनी आठी.

"बघतेस काय अशी," ताई म्हणाली. "संध्याकाळी साखर संपेल बहुतेक."